समुद्राचा सातबारा कुणाच्या नावावर?

(किनारपट्टीवर काम करणाऱ्या महिला संघटनांच्या दोन दिवसांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा हा थोडा संपादित केलेला मजकूर.)

सकाळच्या सत्रात बचतगट आणि मच्छीमार सोसायट्या यांवर भरपूर बोलणं झालं. जेवणानंतर मला विषय दिलाय तेल, वायू आणि समुद्रातल्या पवनचक्क्या. ‘जेवणानंतर हा विषय म्हणजे झोपेचं औषध’ असं पंगतीत कुणीतरी म्हणालं, ते मी ऐकलंय. आणखी एकीनं विचारलं, ‘तेलविहिरी, कंपन्या, करारमदार ही सगळी मोठ्या लोकांची कामं. त्यात बायांनी काय बोलायचं?’ हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. म्हणून आजचं सगळं बोलणं त्याच प्रश्नाला धरून करणार आहे.

माझं म्हणणं अगदी थोडक्यात सांगते. तेल आणि वायूच्या या साखळीच्या दोन टोकांना बाई उभी आहे. एका टोकाला स्वयंपाकघरात, शेगडीपाशी. दुसऱ्या टोकाला किनाऱ्यावर, जिथं नळ उतरतात, जेटी बांधतात, जमीन मागतात, तिथं. मधल्या सगळ्या जागी, म्हणजे करारात, दर ठरवण्यात, नुकसानभरपाईच्या यादीत, ती नाही. दोन्ही टोकांना असूनही मध्ये नसणं, हे कसं घडतं ते आपण पाहू.

आधी आपल्या स्वयंपाकघरापासून सुरुवात करू.

१ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशात बलिया इथं उज्ज्वला योजना सुरू झाली. गरीब घरातल्या बाईच्या नावावर गॅसची जोडणी. तिच्या नावावर, हे महत्त्वाचं. आपल्याकडे जमीन त्याच्या नावावर, घर त्याच्या नावावर, होडी त्याच्या नावावर. इथं एक वस्तू सरकारी कागदावर तिच्या नावानं आली. सप्टेंबर २०१९ मध्ये आठ कोटी जोडण्या पूर्ण झाल्या, आणि ती आठ कोटीवी जोडणी दिली गेली आपल्याच महाराष्ट्रात, औरंगाबादला. पुढे हा आकडा दहा कोटींच्या वर गेला. धुरात आयुष्य काढलेल्या आपल्या आया-आज्या आठवल्या की या योजनेला नावं ठेवायला माझी जीभ उचलत नाही. खोकला, पाणावलेले डोळे, मोळीच्या ओझ्यानं बसलेली मान, हे आपण पाहिलंय.

पण जोडणी म्हणजे गॅस नव्हे. २०१९ मध्ये कॅगचा, म्हणजे देशाच्या महालेखापालांचा अहवाल आला. वर्ष किंवा त्याहून जास्त काळ जोडणी असलेल्या उज्ज्वला घरांत वर्षाला सरासरी ३.२१ सिलिंडर भरून आणले जातात, असं त्यांच्या तपासणीत निघालं. पुढे अनुदान वाढलं, तसा वापरही वाढला. २०२४-२५ मध्ये ही सरासरी साडेचारच्या आसपास पोचली. आता तुम्ही मला सांगा, पाच माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक, चहा, आंघोळीचं पाणी हे सगळं गॅसवर करायचं तर साडेचार सिलिंडरमध्ये वर्ष निघतं का? (हशा. ‘दीड महिना पण जात नाही!’ असा आवाज.) बरोबर. म्हणजे निम्मं वर्ष चूल पेटतेच.

मी ज्या गावांत काम करते तिथं सिलिंडर कधी वापरतात हे पाहिलं की घरातली सत्ता कळते. पाहुणे आले की गॅस. नवऱ्याला लवकर बाहेर पडायचं असलं की गॅस. पावसात लाकडं ओली झाली की गॅस. आणि फक्त तिला स्वतःला घाई असते तेव्हा? तेव्हा चूल. सिलिंडर पुरवून पुरवून वापरायचा, कारण तो भरून आणण्याचे रोख पैसे तिच्या हातात नसतात. लाकूड ‘फुकट’ असतं. फुकट म्हणजे काय, तर तिच्या वेळाला आणि पाठीला किंमत नाही, म्हणून फुकट.

या सिलिंडरचा दर कुठं ठरतो ते बघा. आपला देश कच्चं तेल ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून आणतो. स्वयंपाकाचा गॅस सुमारे ६० टक्के बाहेरून येतो, तोही बहुतेक आखाती देशांतून. सौदी अरेबियाची आराम्को ही कंपनी दर महिन्याला गॅसचा एक दर जाहीर करते. आपल्याकडचा मूळ दर त्यावरून काढला जातो. वर डॉलरचा भाव, जहाजाचं भाडं, कर, वितरकाचं कमिशन. मग सरकार ठरवतं, अनुदान किती द्यायचं. म्हणजे आपल्या तव्याखालची आच सौदी अरेबियात आणि दिल्लीत कमी-जास्त होते.

८ मार्च २०२४ ला, महिला दिनाची भेट म्हणून, सिलिंडर १०० रुपयांनी स्वस्त केल्याची घोषणा झाली. लोकसभेची निवडणूक तोंडावर होती. एप्रिल २०२५ मध्ये तोच सिलिंडर ५० रुपयांनी महागला, उज्ज्वलाच्या बायांनाही. त्या वेळी मात्र कुठल्या दिनाचं नाव त्याला दिलं गेलं नाही. मैत्रिणींनो, भेट देणारा भेट परत घेऊ शकतो. हक्क परत घेता येत नाही. आपण भेटीवर खूश राहायचं की हक्क मागायचा, हे आपल्याला ठरवायचंय. २०२४ मध्ये आपल्या राज्यात अन्नपूर्णा योजना आली, वर्षाला तीन सिलिंडर मोफत. अट अशी की जोडणी बाईच्या नावावर हवी. ही अट आली तेव्हा अनेक घरांत पहिल्यांदा चर्चा झाली, ‘गॅस नावावर कुणाच्या आहे?’ गॅसबुकावरचं नाव बदलायला धावणारे नवरे मी पाहिले. नावाला किंमत आली की नाव बदलायला वेळ लागत नाही, एवढं त्यातून शिकण्यासारखं आहे.

आता साखळीच्या दुसऱ्या टोकाला, समुद्राकडे जाऊ.

१९७४ च्या फेब्रुवारीत ‘सागर सम्राट’ या जहाजानं मुंबईच्या पश्चिमेला दीडशे किलोमीटरहून लांब खोल समुद्रात तेल शोधलं. दोन वर्षांनी, १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. आपण त्याला बॉम्बे हाय म्हणत आलो. उरणला प्रकल्प उभा राहिला, समुद्राच्या तळातून नळ आले. देशाला याचा मोठा आधार झाला, ते खरंच आहे. पण तिथं काम कोण करतं? पोलादी फलाटावर, जहाजांवर, बार्जवर राबणारे बहुतेक हात कंत्राटी आहेत. कंपनी काम कंत्राटदाराला देते, तो उपकंत्राटदाराला, तो आणखी कुणाला. माणूस बुडाला की जबाबदारीही अशीच एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जात राहते.

२७ जुलै २००५. मुंबई पाण्यात बुडाली होती त्याच्या दुसऱ्या दिवसाची ही गोष्ट. बॉम्बे हाय नॉर्थ फलाटावर एका जहाजाची धडक बसली, वायुवाहिनी फुटली आणि आग लागली. काही तासांत अख्खा फलाट समुद्रात कोसळला. २२ माणसं गेली. ते जहाज तिथं का आलं होतं? हात कापलेल्या एका कामगाराला उपचारासाठी उतरवायला. एका जखमी माणसाला सुरक्षित खाली घेण्याची व्यवस्था नीट नसली तर काय होतं, त्याचं हे उदाहरण.

मग मे २०२१. तौक्ते चक्रीवादळ. हवामान खात्याचे इशारे आधीच आलेले होते. तरी पी-३०५ हा बार्ज अडीचशेहून जास्त माणसांना घेऊन समुद्रातच राहिला. १७ मे रोजी तो बुडाला. वरप्रदा नावाची एक टगबोटही बुडाली. नौदलानं, तटरक्षक दलानं जिवावर उदार होऊन शेकडो माणसं वाचवली. तरी दोन्ही मिळून ८० हून जास्त कामगार गेले. त्यांचे मृतदेह रायगडच्या आणि वलसाडच्या किनाऱ्यांवर लागले. काहींची ओळख पटवायला डीएनए तपासणी करावी लागली.

या बातम्यांत आपण वादळाचा वेग वाचला, नौदलाच्या जहाजांची नावं वाचली. मागे राहिलेल्या बाईचं काय होतं, ते बातमीत येत नाही. तिला आधी सिद्ध करावं लागतं की तो माणूस त्या बार्जवर होता. मग सिद्ध करावं लागतं की ती त्याची बायको आहे. लग्नाची नोंद नसते, रेशनकार्ड सासऱ्याच्या नावावर असतं, बँकेत वारस म्हणून आईचं किंवा भावाचं नाव असतं. समुद्रात बेपत्ता झालेल्या माणसाच्या मृत्यूचा दाखला मिळवणं म्हणजे दुसरा समुद्र पोहून जाण्यासारखं आहे. मी अशा कागदांसाठी बायांबरोबर कचेऱ्यांच्या पायऱ्या चढले आहे. तिथला प्रत्येक साहेब विचारतो, ‘बाई, तुमच्याबरोबर पुरुषमाणूस कुणी नाही का?’ जो होता त्याच्यासाठीच तर ती आलेली असते.

म्हणून माझी पहिली मागणी अगदी साधी आहे. समुद्रात कामाला जाणाऱ्या प्रत्येक कंत्राटी कामगाराच्या घरी त्याच्या नेमणुकीच्या कागदाची प्रत, विम्याची प्रत आणि जहाजाचं नाव असायला हवं. वारस म्हणून बायकोचं नाव घातलंय का, ते आपणच विचारायचं. निघायच्या आधी विचारायचं, मागाहून नाही.

आता जमिनीकडे येऊ. वायू जमिनीवर उतरतो, तेल जमिनीवर शुद्ध होतं. त्यासाठी किनारा लागतो. आणि किनाऱ्यावर गावं असतात.

गुहागर तालुक्यातल्या दाभोळच्या वीज प्रकल्पाची गोष्ट इथल्या वयानं मोठ्या बायांना माहीत आहे. तेव्हा मी लहान होते. समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण घेताना मी ती कागदावर वाचली आणि नंतर त्या भागात जाऊन ऐकली. डिसेंबर १९९३ मध्ये एन्रॉनच्या कंपनीबरोबर वीजखरेदीचा करार झाला. अंजनवेल, वेलदूर, रानवी या गावांनी विरोध केला. जमीन, पाणी, मासे ही त्यांची चिंता होती. ३ जून १९९७ च्या पहाटे पोलीस वेलदूरच्या कोळीवाड्यात शिरले. पुरुष मासेमारीला गेलेले होते. दारं तोडली, बायांना घरातून ओढून काढलं, मारलं. पकडलेल्यांत बायांची संख्या पुरुषांहून जास्त होती. एका गरोदर बाईलाही सोडलं नाही. हे मी माझ्या मनानं सांगत नाही. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलनं त्याच वर्षी आणि ह्यूमन राइट्स वॉचनं १९९९ मध्ये हे सगळं तारीखवार लिहून ठेवलंय.

आणि पुढे काय झालं? वीज इतकी महाग पडली की २००१ मध्ये राज्याच्या वीज मंडळानं ती घेणंच थांबवलं. प्रकल्प बंद पडला. त्याच वर्षाच्या अखेरीला एन्रॉन दिवाळखोरीत गेली. नंतर २००५ मध्ये सरकारी कंपन्यांनी तो प्रकल्प हातात घेतला. म्हणजे ज्या करारावर शंका घेतली म्हणून कोळीवाड्यातल्या बायांनी मार खाल्ला, तो करार चुकीचा होता हे चार वर्षांत सरकारनंच कबूल केल्यासारखं झालं. पण त्या बायांची माफी कुणी मागितली?

नंतर नाणार. २०१७ मध्ये तीन सरकारी तेलकंपन्यांनी मिळून राजापूर तालुक्यात वर्षाला ६ कोटी टन तेल शुद्ध करणारा प्रकल्प आखला. २०१८ मध्ये आराम्को आणि अबुधाबीची कंपनी त्यात यायचं ठरलं. लोकांनी विरोध केला, २०१९ मध्ये निवडणुकीच्या आधी नाणारची अधिसूचना रद्द झाली. मग २०२२ मध्ये बारसू-सोलगावचं नाव पुढे आलं. एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर माती परीक्षणासाठी यंत्रं आली तेव्हा एप्रिलच्या उन्हात तापलेल्या रस्त्यावर बाया आडव्या पडल्या. त्यांना उचलून गाड्यांत घातलं गेलं. अश्रुधूर सोडला गेला. त्याच सड्यावर हजारो वर्षांपूर्वीची कातळशिल्पं आहेत. २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत कोकणातल्या ज्या कातळशिल्पांची नावं गेली, त्यांत बारसू आहे.

बारसूत बायाच पुढे का होत्या? वर्तमानपत्रांनी लिहिलं, ‘बायांना पुढे केलं.’ जणू बाया म्हणजे ढाल. अहो, कोकणातला पुरुष चाकरमानी आहे. तो मुंबईला असतो, नाहीतर आखातात. गावात राहते ती बाई. पाणी कुठून येतं, सड्यावर गुरं कुठं चरतात, आंब्याला मोहर कधी येतो, हे तिला माहीत. पण जमीन विकायची की नाही याच्या कागदावर सही मुंबईहून येते. गाव जगवणारी एक, आणि गाव विकण्याचा अधिकार दुसऱ्याला. हा सगळा झगडा तिथून सुरू होतो.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे बोलली पाहिजे. सगळ्या बाया प्रकल्पाच्या विरोधात नसतात. एका गावच्या बैठकीत एका आईनं मला ऐकवलं, ‘ताई, तुम्ही समुद्र वाचवा म्हणता. माझा मुलगा बारावी होऊन घरी बसलाय. तो मुंबईत दहा बाय दहाच्या खोलीत सहा जणांत झोपण्यापेक्षा इथं कारखाना झालेला मला चालेल.’ तिला आपण कंपनीची माणूस म्हणायचं का? मी म्हणणार नाही. तिचा प्रश्न खरा आहे. नोकरी किती, कुणाला, किती दिवसांची, कंत्राटी की कायम, हे लेखी मागण्याचा तिला हक्क आहे. विरोध करणारीला आणि पाठिंबा देणारीला, दोघींनाही माहिती कुणी देत नाही, इथं दोघी एकाच बाजूला आहेत.

दुसरा आक्षेप शहरातून येतो. ‘गॅस पाहिजे, आणि रिफायनरी नको? हा कुठला न्याय?’ याला उत्तर दिलं पाहिजे. गॅस आम्हाला पाहिजे, यात शंका नाही. पण गॅस वापरणारीनं प्रश्न विचारायचा नाही, असा नियम कुठला? भाकरी खाणारा शेतमालाच्या भावावर बोलतोच ना? तेल लागतं म्हणून कुठंही, कसंही, कुणालाही न विचारता आणि पोलीस पाठवून आणायचं, हे त्यातून सिद्ध होत नाही. आमचा हट्ट एवढाच आहे, आधी विचारा, खरं सांगा, आणि नुकसान मोजताना आम्हाला मोजा.

‘आम्हाला मोजा’ हा आजच्या बोलण्याचा गाभा आहे.

२०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं एक मोठा निकाल दिला. उरण-पनवेल भागात बंदराच्या विस्तारासाठी भराव झाले, कांदळवन गेलं, होड्यांचे मार्ग बंद झाले, म्हणून पारंपरिक मच्छीमार लवादाकडे गेले होते. लवादानं १६३० कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली. बंदर, सिडको आणि तेल व नैसर्गिक वायू महामंडळ, या तिघांनी ती वाटून द्यायची होती. निकालाविरुद्ध अपील झालं, पण तो आपल्या कामाचा आहे, कारण समुद्रावर जगणाऱ्याचंही नुकसान होतं आणि ते पैशात मोजता येतं, हे त्यात मान्य झालं. कुटुंबामागे हिशेब केला तर पाच लाख ऐंशी हजारांच्या वर जातात. आता मी विचारते, कुटुंब म्हणजे कोण? पैसे कुणाच्या खात्यात? मासे पकडणारा तो. मासे उतरवून निवडणारी, टोपली डोक्यावर घेऊन बाजारात बसणारी, सुकट वाळवणारी, खाडीत शिंपल्या वेचणारी ती. मासे कमी झाले तर त्याचा धंदा बसतो, तसा तिचाही बसतो. मग तिचं नुकसान त्याच्या नुकसानात आपोआप मिसळलं कसं?

२०१३ च्या भूसंपादन कायद्यात दोन चांगल्या तरतुदी आहेत. लिहून घ्या. पहिली: ज्यांची उपजीविका पाण्यावर अवलंबून आहे अशी मासेमार कुटुंबं, त्यांची जमीन गेली नसली तरी ‘बाधित’ धरली जातात. दुसरी: विधवा, घटस्फोटित आणि कुटुंबानं टाकलेली स्त्री, हे स्वतंत्र कुटुंब मानलं जातं. म्हणजे टाकलेल्या बाईला भावाच्या नाहीतर दिराच्या यादीत शोधायचं कारण नाही. तिची वेगळी ओळ हवी.

पण हा कायदा लागू होतो जमीन संपादन केली तर. समुद्र संपादन करावा लागत नाही. समुद्राला सातबारा नाही. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे साधारण २२ किलोमीटरपर्यंत मासेमारीचं नियंत्रण राज्याकडे, त्यापुढे केंद्राकडे. दिल्लीत बसून समुद्राचे चौकोन आखले जातात आणि भाड्यानं दिले जातात. तेलाच्या फलाटाभोवती ५०० मीटरचं सुरक्षा क्षेत्र असतं, त्यात होडी नेता येत नाही. तेलशोधासाठी सर्वेक्षणाची जहाजं येतात तेव्हा सांगतात, जाळी काढा, लांब राहा. आणि जानेवारी २०२० मध्ये केंद्र सरकारनं नियम बदलून तेल-वायूच्या शोधकामाला जनसुनावणीतून सूट दिली, जमिनीवरच्या आणि समुद्रातल्याही. म्हणजे शोध चालू असताना आपल्याला विचारायचं नाही, आणि सापडलं की म्हणायचं, आता देशाचा प्रश्न आहे, अडवू नका.

याच समुद्रात आता वारा मोजायला सुरुवात झालीय.

समुद्रातली पहिली पवनचक्की-वसाहत डेन्मार्कमध्ये व्हिंडेबी इथं १९९१ मध्ये उभी राहिली, अकरा चक्क्यांची. आपल्या देशात २०१५ मध्ये समुद्री पवनऊर्जेचं धोरण आलं. २०२३ मध्ये समुद्राचा तळ भाडेपट्ट्यानं द्यायचे नियम झाले. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं ७४५३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. गुजरातच्या आणि तामिळनाडूच्या समुद्रात ५००-५०० मेगावॉट, शिवाय त्यासाठी दोन बंदरांची सुधारणा. अजून एकही व्यापारी पवनचक्की आपल्या समुद्रात फिरत नाही. महाराष्ट्राचा किनारा या पहिल्या टप्प्यात नाही.

मग आपण आत्ताच का बोलायचं? एक तर गुजरातची जागा पिपावावच्या बाजूला, खंबातच्या आखाताच्या तोंडाशी आहे. जवळच जाफराबाद. तिथंही आपल्या सातपाटी-वसईसारखी डोल जाळी लावतात, तिथल्याही बाया मांडवांवर बोंबील वाळत घालतात. डोल जाळं एका जागी रोवून भरती-ओहोटीच्या धारेत धरायचं असतं. ती जागा ठरलेली असते, पिढ्यान्‌पिढ्यांची. ती नकाशात नसते. चक्क्यांचे खांब आले, तळातून वीज नेणाऱ्या केबली आल्या, तर त्या जागेचं काय? तिथल्या बायांचा प्रश्न उद्या आपला आहे. दुसरं कारण असं, की समुद्रातलं तेल शोधलं तेव्हा, एन्रॉन आली तेव्हा, रिफायनरी आखली तेव्हा आपल्याला कळलं सगळ्यात शेवटी. या वेळी पहिल्यांदा वेळ आपल्या हातात आहे.

मी पवनचक्क्यांच्या विरोधात नाही, हे स्पष्ट सांगते. तौक्तेसारखी वादळं अरबी समुद्रात वाढत चाललीत, समुद्र तापतोय, मासे जागा बदलताहेत. तेल आणि कोळसा जाळणं कमी झालं तर त्याचा पहिला फायदा कोळीवाड्यालाच आहे. वारा स्वच्छ आहे. पण वाऱ्याचा व्यवहार स्वच्छ असेलच असं नाही. साताऱ्याच्या आणि धुळ्याच्या पठारांवर चक्क्या उभ्या राहिल्या तेव्हा जमिनीचे व्यवहार कुणाशी झाले? सातबाऱ्यावर नाव असलेल्यांशी. ते नाव बाईचं किती ठिकाणी असतं, ते तुम्हाला मी सांगायला नको. जमिनीवरच्या चक्क्यांना पर्यावरण-परवानगीची जनसुनावणीही लागत नाही. हिरव्या रंगाचा प्रकल्प असला की कुणी काही विचारूच नये, अशी हवा तयार होते.

दुसरा रस्ता आहे का? आहे. कोपनहेगनसमोरच्या समुद्रात २००० साली वीस चक्क्या उभ्या राहिल्या, मिडेलग्रुंडेन नावाच्या. त्यातल्या निम्म्या एका सहकारी संस्थेच्या मालकीच्या. आठ हजारांहून जास्त सामान्य माणसांनी भाग घेऊन ती उभी केली. सहकार म्हटलं की महाराष्ट्राला काही परकं नाही. १९५० मध्ये प्रवरेला साखर कारखाना उभा राहिला तो सहकारातूनच. मग समुद्रातल्या वाऱ्यात किनाऱ्यावरच्या माणसांचा भाग का नको? फक्त एक अट आपण घालायची. आपल्याकडे कारखान्याचा सभासद व्हायला ऊस लागतो, उसाला जमीन लागते, आणि जमीन त्याची. मच्छीमार सोसायटीत होडीवाला मोठा, आणि होडी त्याची. अशा सहकारात बाई दारातच अडते. वाऱ्याला ना जमीन लागते ना होडी. म्हणून इथला भाग माणशी असला पाहिजे, मालकीमागे नव्हे. तिचा एक, त्याचा एक.

हे स्वप्न आहे, मला मान्य आहे. १९८६ मध्ये चांदवडला लाखो शेतकरी बाया जमल्या, आणि त्यातून पुढे लक्ष्मीमुक्तीची, म्हणजे बायकोच्या नावावर जमीन करण्याची मोहीम निघाली. तेव्हा तेही स्वप्नच वाटलं होतं. तरी गावोगाव सातबारे बदलले.

आता घरी जाऊन करायच्या चार गोष्टी सांगते आणि थांबते.

पहिली, वही. आपल्या गावात समुद्रावर जगणाऱ्या बाया कोण, याची वही घाला. नाव, काम काय, कुठल्या महिन्यात, कुठल्या जागी, माल कुठं विकते. मासे विकणारी, सुकवणारी, जाळी विणणारी, शिंपल्या वेचणारी, बर्फ वाहणारी, सगळ्या. टाकलेल्या आणि विधवा बायांची नोंद वेगळी. ही वही महिला ग्रामसभेत वाचून ठरावात घ्या. मोठ्या ग्रामसभेच्या आधी बायांची वेगळी सभा घेणं आपल्या कायद्यात आहे, ती कागदावर होऊ देऊ नका.

दुसरी, सोसायटी. आपल्या मच्छीमार सोसायटीत बाया सभासद किती, याची यादी मागा. नसतील तर अर्ज करा. नाकारलं तर लेखी नकार मागा.

तिसरी, सुनावणी. कुठल्याही मोठ्या प्रकल्पाची जनसुनावणी लागली तर तीस दिवस आधी सूचना द्यावी लागते. अहवालाचा सारांश मराठीत मिळाला पाहिजे. शेवटी, लोकांनी काय काय मांडलं ते मराठीत वाचून दाखवावं लागतं. ते वाचून होईपर्यंत कुणीही उठायचं नाही. आपण बोललेलं त्यात आलं का, ते ऐकायचं. आलं नसेल तर तिथंच उभं राहून सांगायचं. आणि माहितीच्या अधिकाराचा अर्ज तर आपल्याला येतोच.

चौथी, घरात. गॅसबुक, विमा, बँकेचा वारस, घराचा उतारा, होडीची नोंदणी, या पाच कागदांवर कुणाचं नाव आहे ते या आठवड्यात बघा. भांडण करायचं नाही, आधी फक्त बघायचं. भांडणाची वेळ आली तर आपण सगळ्या आहोतच.

‘त्यात बायांनी काय बोलायचं?’ असं विचारलं होतं. ज्यांच्या शेगडीचा दर परदेशात ठरतो, ज्यांचा माणूस कंत्राटावर समुद्रात जातो, ज्यांचा बाजार एका तेलगळतीनं उठतो, आणि ज्यांचं नाव कुठल्याच यादीत नसतं, त्यांनी नाही बोलायचं तर कुणी बोलायचं? येत्या १५ ऑगस्टची ग्रामसभा असो, २ ऑक्टोबरची असो की २६ जानेवारीची, जी आधी येईल तिच्यात ती वही घेऊन जा. पुढच्या शिबिराला येताना ती वही बरोबर आणा. आपण सगळ्या गावांच्या वह्या एकत्र ठेवू. समुद्राला सातबारा नसेल, तर तो लिहायला आपणच सुरुवात करू.